गझालाचा इसबगोल

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नेल्सन तुस्कानोने खैरुद्दीनच्या कानाखाली जाळ काढला, आणि तोही इसबगोलावरून. माणसं जमिनीवरून हाणामारी करतात, बाईवरून करतात, गुत्त्यात बसली तर कशावरूनही करतात. पण घोडीच्या पोटाच्या भुशावरून मार खाणारा खैरुद्दीन हा बहुधा पहिलाच.

तबेला शारजाच्या वाळवंटात, धैदच्या अलीकडे. लांब पल्ल्याच्या शर्यतींचे चाळीस घोडे. मालक वर्षातून चार-पाचदा फिरकायचा, बाकी सगळं राज्य मॅनेजर शाहबाजचं, आणि शाहबाजच्या हाताखाली फोरमन नेल्सन. नेल्सन मूळचा वसईचा, नंदाखालचा. पुण्याच्या रेसकोर्सवर वीस वर्षं काढून तो इकडे आला, त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. बायको लॅरिसा हॉटेलात नोकरीला, शारजा शहरात अल नहदाच्या फ्लॅटवर राहायची. हा आठवड्यातून एकदा तिच्याकडे जाऊन यायचा, तोही घोड्यांना विचारून गेल्यासारखा. घोड्यांमधलं त्याला खरोखर कळायचं. ते कळतं हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, आणि खरी पंचाईत तिथेच होती.

वाळूत राहणाऱ्या घोड्याच्या पोटात वाळू जातेच. गवताबरोबर चिमूट, जमीन चाटताना चिमूट. ती आतड्याच्या तळाशी बसत जाते आणि एक दिवस आतडं तुंबतं. घोड्याला उलटीही करता येत नाही बिचाऱ्याला. म्हणून तबेल्यात हिरव्या झाकणाचे डबे यायचे. वर पानाफुलांचं चित्र, संपूर्ण वनस्पतिजन्य, घोड्यांच्या पचनासाठी वगैरे मोठमोठं लिहिलेलं. आत काय, तर आपला इसबगोलाचा भुसा, थोडी बडीशेप आणि सुंठ. भुसा पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि जाता जाता वाळू ओढून नेतो. घोड्यांची डॉक्टर सुमेधा करंदीकर, मूळची पुण्याची, तिने स्वच्छ सांगून ठेवलं होतं की महिन्यातून सात दिवस द्यायचा आणि बंद करायचा. डब्यावरही तेच लिहिलं होतं.

नेल्सनला हे पटलं नव्हतं. त्याचे पप्पा तीस वर्षं रोज रात्री, रोजरीची प्रार्थना आटोपली की, चमचाभर इसबगोल कोमट पाण्यातून घ्यायचे आणि एक्क्याण्णवाव्या वर्षी पोट साफ असताना गेले. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं तेच. भुशाला कसलं आलंय पथ्य? सात दिवसांनी बरं वाटत असेल तर तीस दिवसांनी चौपट बरं वाटेल, हा त्याचा हिशेब. त्यातून गझाला म्हणजे त्याचा जीव की प्राण. करडी अरबी घोडी, याच तबेल्यात, याच्याच हातांत जन्मलेली. तिला जमीन चाटायची खोड होती, म्हणून तिच्यासाठी त्याने फर्मान काढलं: इसबगोल रोज, बिनखाड्याचा.

खैरुद्दीन गझालाचा मोतद्दार, तिचं चारापाणी बघणारा. किशनगंजचा, पन्नाशीकडे झुकलेला, दाढी पिकलेली, बोलायला कमी. आठव्या दिवशी त्याने चाऱ्यात भुसा घातला नाही. नेल्सनने विचारलं तेव्हा तो डबा घेऊन आला, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "भाई, इस पे सात दिन लिखा है. मॅडम ने भी यही बोला था."

सहा माणसं उभी होती. तीच गोष्ट त्याने एकट्यात सांगितली असती तर नेल्सनने फार तर शिव्या घातल्या असत्या. चारचौघांत मोतद्दाराने वाचून दाखवलं हे त्याच्या मस्तकात गेलं. त्याने दिलेल्या थपडेने खैरुद्दीन दाराच्या चौकटीवर आपटला, डबा उडाला आणि भुसा सगळीकडे पसरला. तो गोळा करायलाही नेल्सनने त्यालाच लावलं. खैरुद्दीनने उलट हात उचलला नाही. उचलणार कसा? आदल्याच वर्षी एका मोतद्दाराने नेल्सनवर फावडं उगारलं होतं, तर शाहबाजने चौथ्या दिवशी त्याला कामावरून काढून घरच्या विमानात बसवलं होतं. शाहबाजचा तो एकच कायदा होता आणि तो सगळ्यांना पाठ होता.

मे गेला, जून गेला, जुलै गेला. गझालाला रोज इसबगोल. नेल्सन अधूनमधून तिची लीद लांब रबरी हातमोज्यात घालून पाणी ओतायचा आणि मोजा टांगून ठेवायचा. वाळू असली तर बोटांत उतरते. जूनमध्ये बोटांत थोडी उतरली, जुलैत एक कण उतरला नाही. तो मोजा त्याने खैरुद्दीनच्या नाकासमोर हलवला होता. वाळू संपली म्हणून येत नाही की बाहेर पडायचीच थांबली म्हणून येत नाही, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही, आणि खैरुद्दीनच्या डोक्यात आला असला तरी त्याने तो ओठांवर आणला नाही. कान अजून दुखत होता त्याचा.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, खैरुद्दीन धावत आला. गझाला सारखी कुशीकडे बघतेय, पुढच्या पायाने जमीन उकरतेय, पाणी पीत नाही. नेल्सन जेवणावरून उठला तसाच गेला. तो तिच्या खणापाशी पोचेपर्यंत घोडी खाली पडली होती आणि लोळत होती. लोळत होती म्हणजे खेळात लोळतात तशी नाही. साडेचारशे किलोचं धूड पाठीवर उलटत होतं, चारही पाय भिंतीवर आदळत होते, आणि प्रत्येक आदळण्याला फळ्या करकरत होत्या. तिसऱ्या लाथेला मधली फळी उभी चिरली. शेजारचा घोडा घाबरून दुगाण्या झाडायला लागला आणि क्षणात सगळी रांग पेटली. चाळीस घोडी-घोडे खिंकाळत दारं ठोकायला लागले.

लोळू दिलं तर आतड्याला पीळ पडतो, एवढं नेल्सनला ठाऊक होतं. त्याने दार उघडलं आणि आत शिरून मोहरकी धरली. घोडी एकदम उठली. तिच्या खांद्याने त्याला उचललं आणि भिंतीवर चेपलं. आत कुठेतरी काडी मोडल्यासारखं झालं, एकदा, मग परत एकदा, आणि त्याचा श्वासच बंद पडला. तरी त्याने मोहरकी सोडली नाही. खैरुद्दीनने दुसऱ्या बाजूने दोर घातला, दोघांनी मिळून तिला बाहेरच्या रिंगणात ओढून काढलं आणि चालवायला सुरुवात केली. शेहेचाळीस डिग्रीत. दर वीस पावलांना ती गुडघे टेकायची, आणि दोघं तिला ओरडून, ढकलून, नेल्सन तर मुठीने मानेवर मारून, उभं करायचे. घोडीवर त्याने आयुष्यात हात टाकला नव्हता. त्या दिवशी टाकला आणि टाकताना तो रडत होता.

सुमेधा एक वाजता पोचली. बुटकी, काटक, चाळिशीची बाई. गाडीतून उतरली ती पिशवी घेऊन थेट घोडीखाली. पोटाच्या अगदी तळाला स्टेथोस्कोप लावून तिने ऐकलं, मग नेल्सनच्या कानाला लावला. आत वसईच्या किनाऱ्यावर ओहोटीला येतो तसा आवाज येत होता, वाळू घासत जाणाऱ्या पाण्याचा. हिरड्या पाहिल्या, ठोके मोजले, छपन्न. नेहमी चाळीसच्या आत असतात.

तोवर शाहबाजही आला होता. उंचापुरा, स्वच्छ पांढऱ्या शर्टातला. तो बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता.

"नेल्सन अंकल, नीट ऐका," सुमेधा म्हणाली. "पोटात खूप वाळू आहे. आता मला एकच गोष्ट सांगा. इसबगोल सात दिवसांच्या कोर्सनेच चालू होता ना? कारण रोज दिला तर आतड्यातले जंतू त्यालाच पचवायला शिकतात, मग त्याचा काडीचा उपयोग होत नाही. तसं असेल तर मी इथे एक मिनिट थांबणार नाही, सरळ ऑपरेशनला नेईन. सात दिवसांचा असेल तर नळीतून मोठा डोस देऊन दोन तास बघता येईल. ऑपरेशन टळेल."

खैरुद्दीन दोर धरून समोर उभा होता. त्याने नेल्सनकडे पाहिलं. शाहबाजला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कुणाला विचारलाय ते कळत होतं.

आता खरं बोलायला किती वेळ लागतो? एक शब्द. पण त्या एका शब्दात नेल्सनची चौतीस वर्षं होती, रेसकोर्सपासूनची. नेल्सनला घोड्यातलं कळत नाही, कळतं ते त्याने थप्पड मारलेल्या मोतद्दाराला, असा त्याचा अर्थ होता. दोन तासांचा तर प्रश्न आहे, त्याने स्वतःला सांगितलं. भुसा शेवटी भुसाच. लागू पडला तर पडला.

"सातच दिवस," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसं."

सुमेधाने हिंदीत शाहबाजला समजावलं आणि कामाला लागली. घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी आत सरकवली, तेल ओतलं. इसबगोलाचं पाणी चपळाईने ओतावं लागतं, नाहीतर बादलीतच घट्ट होऊन बसतं. नेल्सन ढवळत होता, बरगड्यांत सुऱ्या. आणि त्याच वेळी शाहबाजने डोकं चालवलं. भुसा जर बरोबर दिला होता तर एवढी वाळू आली कुठून? म्हणजे मोतद्दाराने गवत रबरी चटईवर न टाकता उघड्या वाळूवर टाकलं. सरळ हिशेब. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशीच सरळ हिशेबाने होते.

त्याने खैरुद्दीनला मानेला धरून चाऱ्याच्या खोलीत नेलं. दोर दुसऱ्या कुणीतरी धरला. घोड्याच्या नाकावरून घालतात ती साखळी भिंतीवर टांगलेली असायची. आधी ती खुळखुळल्याचा आवाज आला, मग मारल्याचा. साखळीचा मार काठीसारखा कोरडा वाजत नाही. ओला वाजतो. एक, दोन, तीन, आणि मध्ये शाहबाजचा शांत आवाज, चटई कहाँ थी, चटई कहाँ थी. पाचव्या-सहाव्या घावाला खैरुद्दीन ओरडला. सुमेधा नळी धरून होती, तिला हलता येत नव्हतं. तिने तिथूनच शाहबाजला बंद करायला सांगितलं, मला पकडायला माणसं हवीत म्हणून ओरडली. तिचं कोण ऐकणार? नेल्सन बादली ढवळत राहिला.

मग खोलीचं दार उघडलं. नेल्सन बादली भरायला सुमेधापासून लांब, पाण्याच्या नळाशी गेला होता; शाहबाजने खैरुद्दीनला ओढत आणून तिथे त्याच्यापुढे उभं केलं. पाठीवरचा सदरा फाटून चिकटला होता, एका कानातून रक्त येत होतं.

"ये बोलता है तुमने रोज़ खिलवाया," शाहबाज म्हणाला. "तीन महीने."

"भाई, आप बोल दो," खैरुद्दीन म्हणाला. "बस बोल दो."

नेल्सनने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. विचार करून मारला असता तर कदाचित मारला नसता; पण तो माणूस आणखी एक वाक्य बोलला तर सगळं संपणार होतं, आणि ते वाक्य बंद करायचा दुसरा रस्ता नेल्सनला त्या घटकेला दिसला नाही. पुढचे दोन दात पडले. खैरुद्दीन बसला, हात तोंडाशी नेला, तळहातावर दात घेऊन बघत राहिला. शाहबाजने मान डोलावली. त्याला वाटलं, खोटं बोलणाऱ्याला फोरमनने बरोबर जागा दाखवली. लाज अशी की ती सांगायलासुद्धा जीभ वळत नाही, आणि नेल्सनला ती तिथेच, त्याच क्षणी वाटली. पण वाटून उपयोग काय? ठोसा परत घेता येत नाही.

दोन वाजता गुंगी उतरली आणि घोडी पिसाळली. तिने नळी झटकली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि खाली येताना सुमेधाला पुढच्या टापेने उडवलं. भुवईच्या वर तीन बोटं लांब कातडं फाटलं. सुमेधा उठली, रुमाल बांधला, एका डोळ्यात रक्त उतरत असताना परत इंजेक्शन भरलं आणि मानेत खुपसलं. चार माणसं दोरांवर लोंबकळत होती. एकाचा हात दोरात पिळवटून मनगटातून निखळला, तो किंचाळत बाजूला गेला, त्याच्या जागी पाचवा आला. घोडीच्या अंगावरून घाम नुसता धारांनी वाहत होता. ती मान वळवून स्वतःच्याच कुशीला चावत होती, कातडं फाटेपर्यंत.

सव्वातीनला सुमेधाने परत ठोके मोजले. चौऱ्याऐंशी. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. ती घोडीच्या पायाशी वाळूत बसली आणि बादलीकडे बघत राहिली.

"असं व्हायला नको होतं," ती म्हणाली. "थोडी तरी वाळू हलायला हवी होती. मी चुकले का कुठे?"

ते 'मी चुकले का' नेल्सनला सहन झालं नाही. साखळीचा आवाज सहन झाला होता, दात सहन झाले होते. हे नाही झालं.

"रोज दिलाय," तो म्हणाला. "मे महिन्यापासून. रोज."

सुमेधाने वर पाहिलं. रुमालाखालून रक्त गालावर आलं होतं. तिने फोन काढला, ऑपरेशनची तयारी ठेवायला सांगितली, आणि ट्रकवाल्याला हाक मारली. नंतर, फक्त नेल्सनला ऐकू जाईल असं, म्हणाली, "एक वाजता हीच घोडी स्वतःच्या पायांनी चढली असती."

चारला घोडी ट्रकमध्ये चढवली. चढवली म्हणजे सहा जणांनी मागून कमरेला दोर लावून, आरडाओरडा करून आत रेटली. आत नेल्सन तिच्या डोक्याशी उभा राहिला. मोडलेल्या बरगड्या घेऊन तिथे कुणी उभं राहत नाही, सुमेधाने बजावलंही, पण त्याला खाली उतरवायची कुणाची छाती नव्हती. ट्रक हायवेला लागला आणि घोडी मधल्या फळीवर अंग टाकायला लागली. ट्रक डावी-उजवीकडे हेलकावत होता. फळीचा बोल्ट उडून नेल्सनच्या गालाला लागून गेला. तो तिच्या आयाळीत हात घालून लोंबकळत होता आणि तिला वसईच्या बोलीत काहीबाही सांगत होता, लहानपणी पप्पा बैलाला सांगायचे ते.

अर्ध्या वाटेवर ती एकाएकी शांत झाली. मान खाली आली, श्वास मोठा सुटला, डोळे निवांत झाले. नेल्सनने ड्रायव्हरच्या केबिनच्या खिडकीवर थाप मारली. सुमेधा पुढे बसली होती.

"डॉक्टर, बरं वाटतंय तिला," तो ओरडला. "दुखायचं थांबलं बघा."

सुमेधाने ट्रक थांबवायला सांगितला. ती आत चढली, घोडीच्या हिरडीवर अंगठा दाबला, पोटावर हात ठेवला. दुखायचं थांबलं होतं ते खरंच. आतडं फुटल्यावर थांबतं. तिने नेल्सनला एवढंच सांगितलं आणि शेवटची सुई भरली, घोडीला सोडवायची. रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या मागच्या फळीवर, गझाला नेल्सनच्या पायांवर कोसळली. त्याचे पाय सोडवायला तिघं लागले.

मागोमाग शाहबाजची गाडी आली. नेल्सनने त्याला तिथेच सगळं सांगितलं, डबा, थप्पड, तीन महिने, सगळं. अंग आवळून उभा राहिला, आता हा मारणार म्हणून. शाहबाजने मारलं नाही. मालकाला वाळूचं सांगायचं, रोजच्या इसबगोलाचं नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं. तू जुना माणूस आहेस, घोडी तुझी लेक होती, चूक झाली. त्या म्हाताऱ्या खैरुद्दीनला दोन दिवस सुट्टी दे. आणि वर म्हणाला, खलास. नेल्सनला वाटलं यापेक्षा साखळी बरी होती.

ऊन कलताना नेल्सन तबेल्यात परतला तो सरळ मोतद्दारांच्या खोल्यांकडे गेला. खैरुद्दीन बाहेर गवताच्या गठ्ठ्यावर बसला होता, तोंडाला बर्फाचं फडकं. शेजारी दोघं-तिघं होते. नेल्सन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मैंने बोल दिया," तो म्हणाला. "मॅडम को, शाहबाज को. सब बोल दिया. अब तू मुझे मार."

खैरुद्दीनने फडकं काढलं. ओठ सुजून काळा पडला होता. "गझाला?"

"गई."

"कितने बजे बोला मॅडम को?"

"साढ़े तीन."

खैरुद्दीनने मनातल्या मनात मागे मोजलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग तो उठला. पहिला ठोसा त्याने नेल्सनच्या नाकावर मारला, आणि नाक सरकल्याचं नेल्सनला ऐकू आलं. दुसरा कानशिलावर. नेल्सनला वाटलं होतं, एक-दोन खाऊ आणि फिटंफाट होईल, आपल्याला जरा मोकळं वाटेल. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. तो पडला तरी खैरुद्दीन थांबला नाही. मोडलेल्या बरगड्यांवर लाथ बसली तेव्हा नेल्सनने हात जोडून बस म्हटलं. दुपारी साखळी चालू असताना बस म्हटलेलं कुणी ऐकलं होतं म्हणून आता ऐकायचं? खैरुद्दीनच्या तोंडातून पुन्हा रक्त यायला लागलं, ते नेल्सनच्या शर्टावर पडत होतं, आणि तो एकच गोष्ट बोलत होता, एक बजे बोलते तो बचती. स्वतःच्या दातांचं, पाठीचं अवाक्षर नाही. शेवटी तिघांनी मिळून त्याला मागे ओढलं.

आरडाओरडा ऐकून शाहबाज आला. बघितलं तर फोरमन जमिनीवर, चेहऱ्याचा लगदा, आणि भोवती मोतद्दार गप्प उभे. कुणी केलं, त्याने विचारलं. आणि तेव्हा कुठे नेल्सनच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. मार खायची हौस आपली, आणि विमान त्या माणसाला. सगळ्यांना पाठ असलेला कायदा तो एकटा विसरला होता, कारण तो कधी त्याच्यासाठी नव्हताच.

तो कोपरावर उठला. या वेळी उशीर करायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि विचारल्याबरोबर उत्तर दिलं.

"घोड़ी ने मारा," तो म्हणाला. "ट्रक में. टाप लगी मुँह पे. ये लोग मुझे उठा रहे थे."

उत्तर पटण्यासारखं होतं. बरगड्या तिनेच मोडल्या होत्या, डॉक्टरची भुवई तिनेच फोडली होती, आणि मेलेली घोडी नाही म्हणायला येणार नव्हती. शाहबाजलाही ते मानून मोकळं व्हायचं होतं. त्या दिवशी पुरे झालं होतं त्याला. तो वळलासुद्धा.

"उस का नाम मत लो," खैरुद्दीन म्हणाला.

दोघं त्याचे दंड धरून होते. एकाने त्याला गप्प राहायला कानात सांगितलं. त्याने दंड सोडवून घेतले आणि शाहबाजच्या समोर येऊन उभा राहिला. दात नसल्याने शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून तो सावकाश बोलला.

"घोड़ी ने नहीं मारा. वो बेचारी मर गई, उस पे मत डालो. मैंने मारा है इस को. फिर झूठ बोलता है ये आदमी."

शाहबाजने नेल्सनकडे पाहिलं. खरं का, म्हणून. सगळ्यांनीच पाहिलं. नेल्सनने तोंड उघडलं. सांगायचं पुष्कळ होतं, मीच मार म्हटलं, चूक माझीच, मला काढा. ते त्याने सांगितलंही, पण शाहबाजने हात वर करून थांबवलं आणि एवढंच विचारलं, मारा के नहीं मारा? नेल्सनने होकाराची मान हलवली.

शनिवारच्या विमानाने खैरुद्दीन गेला. नेल्सन अजून तिथेच फोरमन आहे.